लेकीसाठी मऊ टायर

बायका बाजारात वांगी दाबून बघतात, तसा नाथाजी टायर दाबून बघत होता. सांगलीत धरणेंद्रच्या दुकानाबाहेर मांडलेला एकेक टायर त्यानं अंगठ्यानं दाबला, दोनचारांवर मूठ मारली आणि एकावर तर चक्क बसून पाहिलं. धरणेंद्र गल्ल्यावरून हा तमाशा बघत होता. नाथाजी त्याचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून इतका वेळ गप्प राहिला, नाहीतर गप्प बसणं हा काही त्याचा गुण नव्हता.

"नाथाजीराव, टायर घ्यायला आलाय का गादी?"

"मऊ टायर पायजे."

"मऊ म्हंजे कसा?"

"मऊ म्हंजे मऊ. आत बसलेल्याला खड्डा कळाय नगं."

"असा टायर निघाला तर पयला मीच बसवीन की. माझी कंबर सा महिनं धरलीया."

नाथाजी हसला नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यानं मिलिटरीत ट्रक चालवण्यात घालवली होती. पेन्शनीत आल्यावर मिलिटरीच्याच लिलावातली एक जीप घेतली आणि रहिमतपूर-सातारा भाडी मारू लागला. जीप इमानी होती, पण तिचे ते जाड गोट्यांचे टायर म्हणजे आत बसलेल्याची परीक्षा. नाथाजीच्या जीपमध्ये दह्याचं गाडगं ठेवावं आणि साताऱ्यात उतरून लोणी काढावं, असं गावात म्हणत. एरवी हे ऐकून नाथाजीच सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

आज मात्र त्याला लेकीला आणायचं होतं. विजयमाला सांगलीजवळ कसबे डिग्रजला दिलेली. सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळात, तो तिला असाच आणायला आला होता. हीच जीप, हेच टायर, हवा अशी गच्च भरलेली की चाक दगडावरून उडावं. घरी आली आणि दुसऱ्याच रात्री पोटात कळा सुरू झाल्या. साताऱ्याच्या दवाखान्यात मूल जन्मलं ते गेलेलंच. मुलगा होता.

त्यानंतर घरात त्या गोष्टीचा कुणी उच्चार केला नाही. नाथाजीच्या बायकोनं, अंबूबाईनं, फक्त एकदा विचारलं होतं, "वाटंत लय हादरे बसले का वो?" तिनं आपलं सहज विचारलं. पण तो प्रश्न नाथाजीच्या काळजात जो रुतला, तो रुतलाच. त्यानं उत्तर दिलं नाही आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. आपल्या गाडीनं आपला नातू मारला, असं तो मनाशी धरून बसला होता.

यातलं धरणेंद्रला काही ठाऊक नव्हतं. पण लेकीला सातवा महिना आहे एवढं कळल्यावर त्यानं थट्टा आवरती घेतली.

"हे नांगरटीचे टायर काढा आदी. साध्या नक्षीचे देतो, रस्त्यावर गुमान चालत्यात. पर एक ऐका. मऊ चालावी म्हणून हवा कमी करू नगा. टायरच्या पोटात हवा हाय म्हणून चाक वाचतंय. हवा काढली की दगडाचा दणका सरळ लोखंडाला. तुमची चाकं जुनी, मिलिटरीनं टाकलेली. चिरतील."

"न्हाई काढत."

"काढणार तुमी. तोंडावर दिसतंय."

"न्हाई म्हणलं ना गड्या."

चारी टायर बसले. धरणेंद्रनं स्वतः उभं राहून हवा भरून घेतली. नाथाजीनं दिलेला शब्द आयर्विन पूल ओलांडेपर्यंत पाळला. सांगलीवाडी मागे पडली, रस्ता जरा उखडला, आणि गच्च हवेचा तो जुना हादरा त्याला बुडाखाली जाणवला. त्यानं एका बाभळीखाली गाडी घेतली आणि खिशातून काडेपेटी काढली. राजस्थानात वाळू आली की हवा कमी करायची, हे त्याला मिलिटरीनं शिकवलं होतं. इथं वाळू नव्हती, खडी होती. ते त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण कळतं ते वळायला हवं ना. त्यानं काडीनं एकेक व्हॉल्व्ह दाबला, आणि चारी चाकं जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखी खाली बसली.

डिग्रजात विहीणबाई शालूबाईंनी सुनेची ओटी भरली, जीपच्या पुढच्या सीटवर दोन वाकळा घातल्या आणि म्हणाल्या, "सांभाळून न्या, इवाई." विजयमाला वाकळांवर बसली तशी बोलायला लागली, ती कऱ्हाड येईपर्यंत थांबली नाही. नवरा पुढल्या महिन्यात पलटणीतून रजेवर येणार होता, म्हशीला रेडी झाली होती, आणि तिला आईच्या हातची अंबाडीची भाजी खायची होती. नाथाजी हूं हूं करत होता. स्टिअरिंग जड झालं होतं, हात भरून आले होते. रस्त्यावरून नजर काढली की ती लेकीच्या पोटावर जाई आणि तिथून पुन्हा रस्त्यावर. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना वळून बघून हसला.

पेठपासून उंब्रजपर्यंतचा हमरस्ता सुखाचा गेला. खरी वाट मसूरनंतरची. दुष्काळात पोटासाठी लोकांनी खडी फोडून केलेला तो रस्ता. खडी टोकदार आणि रूळ कधी फिरलाच नाही. मधे एक ओढा होता आणि ओढ्यावर पुलाऐवजी सिमेंटची बुटकी फरशी. पावसानं फरशीच्या तोंडची माती वाहून नेली होती आणि सिमेंटची कड उघडी पडली होती. नाथाजीनं पहिला गिअर टाकला, गाडी अगदी पावलापावलानं घेतली. पुढचं डावं चाक खाली गेलं आणि वर येताना कडेला भिडलं.

टायरचा आवाज आला नाही. लोखंडाचा आला.

नाथाजीला सगळं कळलं, पण त्यानं चाकाकडं बघितलंच नाही. "विजू, पोटात दुखतंय?"

"न्हाई."

"खरं सांग."

"न्हाई म्हणलं ना आबा. मला जरा उतरू द्या, पाय अवघडल्यात."

त्यानं ओढ्याकाठच्या जांभळीखाली वाकळ अंथरली, तिला बसवलं, आणि मग जॅक लावून चाक काढलं. चाकाची कड आत वळली होती आणि तिथून थेट बोटभर चीर आत गेली होती. ट्यूब कडेखाली चिमटून फाटली होती. धरणेंद्र समोर असता तर एक अक्षर बोलला नसता, नुसता बघत राहिला असता. नाथाजीला तेच जास्त लागलं असतं.

विजयमाला ड्रायव्हरची पोर. लहानपणी बाप सुट्टीवर आला की गाडीघोड्याच्याच गोष्टी ऐकत वाढलेली. ती वाकळेवरून जीपकडं बघत राहिली.

"आबा, ते एक फुटलं ते फुटलं. पर बाकीची तीन बी बसलीत."

"नवे टायर हायत."

"नवे टायर बसत्यात व्हय?"

नाथाजी पाना हातात घेऊन स्टेपनीचं चाक उगाच फिरवत राहिला. खोटं बोलायला तो काही कमी नव्हता, पण लेकीपुढं त्याला ते कधीच जमलं नाही.

"मीच काढली हवा."

"कशापायी?"

"तुला हादरा नगं म्हणून." पाना पुसत तो म्हणाला, "त्या खेपेला गच्च हवा हुती. सारा रस्ता तू आदळत आलीस. घरी आलीस आन् दुसऱ्या राती... माझ्या गाडीनं झालं ते, विजू. तुज्या आईनं इचारलं हुतं. मला सांगता आलं न्हाई."

विजयमालेनं पदर तोंडाशी घेतला. ती रडेल असं नाथाजीला वाटलं. पण ती बापाकडं अशी बघत होती, की जणू हा माणूस आज तिला पहिल्यांदाच दिसत होता.

"दोन वरीस तुमी हे घिऊन बसलाय?"

नाथाजी पान्याच्या टोकानं खडी उकरू लागला.

"आबा, तुमच्या गाडीत बसायच्या आदीच ते हालायचं थांबलं हुतं."

नाथाजीच्या हातातला पाना तसाच राहिला.

"दोन रोज आदी. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मिरजेच्या दवाखान्यात नेलं असतं. मला मिरज नगं हुतं, मला आई पायजे हुती. तुमी दारात येऊन हॉर्न वाजवलासा, तवा मला वाटलं, आईपाशी गेलं की हालंल परत. वाटंत तुमी गाडी आदळली, तवा मी देवाला म्हणत हुते, अजून आदळू दे, त्येला जाग येऊ दे."

ओढ्यात पाणी होतं थोडं, त्याचा आवाज येत होता.

"दवाखान्यातल्या नर्सबाईनं बी मला तेच सांगितलं. आदीच गेलं हुतं म्हणाली."

"आन् तू कुणाला बोलली न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई. समदं घर गप. माझ्या म्होरं कुणी मोठ्यानं भांडं बी ठिवत नव्हतं. मला लय बोलायचं हुतं, आबा. तुमी समदे बाहेर हुता, मी त्येला बघितलं हुतं. कान तुमच्यावानी हुते."

नाथाजी तिथंच खडीवर बसला. दोन वर्षं ज्याचं त्यानं मनातसुद्धा नाव घेतलं नव्हतं, त्या नातवाला आत्ता कान आले होते. आपल्या हातून ते झालं नाही, याचं हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की पोर त्या दिवशी शेजारी बसून एकटी मरत होती आणि आपण खड्डे चुकवत होतो. तो लहान पोरासारखा रडायला लागला. विजयमाला हळूच उठली, त्याच्याजवळ येऊन खडीवरच टेकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ह्यो न्हाई तसला," थोड्या वेळानं ती पोटाकडं बघून म्हणाली. "ह्यो सकाळधरनं लाथा मारतोय. तुमच्या त्या फरशीला बी एक मारली, गाडीच्या आदी."

"तुला काय म्हाईत ह्यो का ही?"

"ही असंल तर लाथा माझ्यावर गेल्यात."

तेव्हा कुठं नाथाजीला हसू आलं. रडतारडताच आलं. त्यानं उठून स्टेपनी बसवली आणि सीटखालचा पायाचा पंप काढून राहिलेल्या चाकांना हवा भरायला घेतली. मागचं पहिलं चाक हळूहळू उभं राहू लागलं. पण मधेच त्याला पुन्हा भरून आलं, पाय पंपावर थबकला आणि तो बाहीनं डोळे पुसत उभा राहिला.

विजयमाला जीपला टेकून उभी होती. "रडायचं तर रडा आबा," ती म्हणाली, "पर पाय थांबवू नगा. चांगली गच्च भरा. मला आज आईला त्येच्याबद्दल सांगायचंय, त्येच्या कानांबद्दल."