मोहफुलाएवढा आवाज

हेमलता आधी ऐकू येते, नंतर दिसते. मार्गशीर्षातल्या सकाळी धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवर धुकं असं पसरलेलं असतं, की माझ्या खळ्यावर रचलेले धानाचे पुंजणे पाण्यात बसलेल्या हत्तींसारखे भासतात. त्या पांढऱ्या, नीरव विस्तारातून प्रथम जोड्याची माती घासणारी सरसर येते, मग पोलादाचा एक बारीक, लांबत जाणारा निनाद येतो, आणि त्या निनादाचा माग काढत नजर पोचते तेव्हा कुठं ती प्रकट होते : उजवा पाय पुढे, गुडघा किंचित वाकलेला, उजव्या हातात सडपातळ, सरळ, लांबच लांब तलवार आणि डाव्या हातात कट्यार. तोंडावर जाळीचा मुखवटा. अंगात गोधडीसारखा टाचलेला जाड कोट, तो तिनंच शिवलेला. आमगावात तिचं शिलाईचं दुकान आहे.

त्या तलवारीला रेपिअर म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे लोक ती कट्यारीच्या जोडीनं खेळत, आणि नागपुरात काही मंडळी ती विद्या जुन्या रीतीनं पुन्हा शिकत आहेत. दर रविवारी ही पहाटेच्या गाडीनं तिकडे जाते. टोकाला रबर, पात्याला धार नाही. पण खेळणाऱ्याच्या मनाला धार हवी, असं ती सांगते. गावात कोणी विचारलं, "काऊन शिकून राहिली बाई हे? कोनाले मारायचं आहे?" तर ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, "पहिले काकाजीले विचारा, त्याईनं कोनाले मारलं ते."

काकाजी म्हणजे मी. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, तीही बाहेरूनच जास्त. माझी भाषा मला नाटकानं दिली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी सरली की मंडई नावाच्या जत्रा भरतात, गावोगाव मांडव पडतात, आणि त्या मांडवात मी राजा होत असे. विंगेतून प्रॉम्प्टर जे शब्द कुजबुजे ते माझ्या कानातून कंठात आणि कंठातून रक्तात उतरले, म्हणून 'निनाद' लिहिताना माझा हात अडखळत नाही. कोणाला हे खरं वाटत नसेल तर त्यानं आमच्या गावात येऊन म्हाताऱ्यांना विचारावं.

आणि हेमलता ही धनलालची पोरगी. मी राजा, तर धनलाल दुष्ट सेनापती. त्याच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात कट्यार, आणि शेवटच्या अंकात माझ्या हातून मरण. मरायला तो फार वेळ घेई. लोक ओरडत, "वन्स मोअर!" की हा पठ्ठ्या उठून, धूळ झटकून, पहिल्यापेक्षा सुंदर मरे. तो खरोखर गेला त्याला काही पावसाळे झाले. तेव्हा मात्र कोणी ओरडलं नाही.

आमच्या खेळाचं मर्म आवाजात होतं. मंचावरची तलवार माणसाला मारायची नसते, तलवारीला मारायची असते. मागं पोत्यावर बसून पेंगणाऱ्या म्हातारीच्या कानापर्यंत ती पोचली पाहिजे. त्यासाठी समोरच्याला आपली तलवार घावापुढे आडवी द्यावी लागते. तो देतो, आपण हाणतो. आपण देतो, तो हाणतो. खण्, खण्, खणाण. हा ताल हेमलता लहानपणी विंगेत, बापाच्या झग्याच्या पेटीवर बसून प्याली आहे. म्हणून ती रेपिअर हाती धरून खळ्यावर आली, आणि "काकाजी, आमगावात समोर उभं राहाले कोनी नाई," म्हणाली, तेव्हा मी माळ्यावरची माझी जुनी तलवार उतरवली. मुखवटा घालायला मी तयार नव्हतो. राजानं तोंड झाकावं हे मला शोभेना. "घाला, नाईत मी खेळत नाई," ती म्हणाली. घातला. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, टोपली घेऊन जाता जाता म्हणाली, "दोन पागल. कमरेले काई झालं त मले नोका सांगू."

असा सबंध मार्गशीर्ष गेला. धुक्यात दोन पाती भेटत, आणि डोळे मिटले तर समोर धनलालच उभा आहे असं वाटे. मी तिला तलवार देत होतो, ती हाणत होती. तेच वजन, तोच ठेका, शेवटच्या खणाणाआधी तोच क्षणभराचा थांबा. माणूस जातो, पण त्याचा आवाज कोणाच्या तरी मनगटात राहतो, हे मला त्या सकाळींनी दाखवलं, आणि खरं सांगतो, मी तिला शिकवायला जात नव्हतो, ऐकायला जात होतो.

मग एका सोमवारी ती आली ती तलवार म्यानातून न काढताच पुंजण्याला टेकून बसली. नागपूरच्या गुरुजींनी तिला सांगितलं होतं, की तू माणसाकडे पाहत नाहीस, तलवार शोधत राहतेस. समोरचा सहज खालून टोक फिरवतो आणि तुला लागतो. होळीनंतर संघ निवडायचा आहे. ही सवय गेली नाही तर संघात जागा नाही.

"त्याईनं विचारलं," ती म्हणाली, "घरी कोनी तलवार देऊन राहिलं का तुले?"

"मंग? देतो ना मी," मी म्हणालो. "दिल्याशिवाय खेळ होते काय?"

"तो खेळ होय, काकाजी. हे लढाई होय."

"अन् लढाईत आवाज नसते?"

"आवाज झाला म्हनजे वेळ गेला."

माझी तलवार उचलून मी घरी निघून आलो. मी चुकलो असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आमचा खेळ निराळा होता आणि तो आम्ही उत्तम केला. मला बोचलं ते दुसरंच. ही पोरगी तिकडं पुढे जाण्यासाठी तो ठेका पुसायला निघाली होती. माझ्या ओळखीच्या जगात धनलालचं तेवढंच उरलं होतं. तेही गेलं तर तो दुसऱ्यांदा मरणार, आणि या खेपेला वन्स मोअर नाही.

पौषात ती एकटीच खेळली. मी घराच्या ओसरीतून पाहत असे. ओसरी माझी, नजर माझी, त्यात कमीपणा काही नाही. निंबाच्या फांदीला तिनं दोऱ्यानं एक कोटाची गुंडी टांगली होती. आधी हात लांबवायचा, टोक गुंडीच्या रोखानं स्थिर करायचं, आणि मगच पाय टाकायचा. पहिल्या दिवसांत पाय घाई करी आणि हात मागून धापा टाकत येई. बांधीत चरणारा सारस पाहिलाय तुम्ही? त्याची मान आधी जाते, पाय नंतर, आणि पाण्याला कळतही नाही. तिचं तसं होत गेलं. छातीशी भिऊन बसणारी डावी कट्यार हळूहळू पुढे येऊ लागली, जशी परक्या घरात आलेली नवी नवरी एके दिवशी आपणहून दार उघडायला जाते. टोकानं हवेत काढायचं वर्तुळ प्रथम परातीएवढं होतं, मग बांगडीएवढं झालं, आणि माघाच्या तिरप्या, पिवळ्या उन्हात ते गुंडीएवढं झालं. तिची तलवार आता बोलत नव्हती, शिवत होती.

पुढे धानाची मळणी उरकली, तणस, म्हणजे उरलेला पेंढा, रचायची होती, म्हणून मी खळ्यावर गेलो. कोणासाठी गेलो असं नाही. तणस रचून झाली, तसा हेमलतेनं दुसरा मुखवटा माझ्यापुढे धरला.

"देऊ नोका फक्त," ती म्हणाली.

न देणं किती कठीण असतं! माझा हात आपोआप उठे, पातं आडवं होई, जन्मभराची सवय ठोक्याची वाट पाहत हवेत उभी राही. ती थांबे, मान हलवी. "काकाजी." मी हात खाली घेई. ती सवय तिची मोडत होती की माझी, हे सांगणं अवघड झालं होतं.

आणि मग फाल्गुनाच्या अखेरची ती सकाळ आली. खळ्याच्या कडेचा मोह पानं टाकून नुसत्या फुलांच्या घोसांवर उभा होता, खाली बुढी फुलं वेचत होती, आणि सगळ्या हवेत तो गोड, जड, थोडा निजलेला वास होता. मला कसली हुक्की आली कोण जाणे, मी राजासारखा तिच्यावर चालून गेलो, वरून खाली, पूर्ण ताकदीनं. आणि माझी तलवार कशालाच लागली नाही. कोणी हातातलं ताट अलगद काढून घ्यावं, तशी तिची डावी कट्यार खालून आली, पात्याला टेकली, त्याला बाजूला घेऊन गेली, आणि त्याच श्वासात माझ्या छातीवर रबराचं टोक बसलं. आवाज नाही.

पण माझ्या मनगटाला ओळख पटली. हा स्पर्श मी ओळखत होतो. मांडवातल्या प्रत्येक प्रयोगात, मी भान विसरून घाव घाली तेव्हा, तो कानावर बसण्याच्या आधी धनलालची डावी कट्यार अशीच खालून येई आणि माझं वजन बाजूला नेई. लोक उजव्या हातांच्या तलवारी पाहत. डाव्या हाताचं हे काम कोणी पाहिलं नाही, मीही नाही. इतक्या वर्षांत आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही, हे मी माझ्या कौशल्याच्या खात्यावर टाकलं होतं. आणि तो खणखणाट? तो माझा होता. मला आवडत होता म्हणून धनलाल मला तलवार देत होता. हेमलतेच्या हातातून इतके दिवस पुसला जात होता तो मी. धनलाल तर तिच्या डाव्या हातात येऊन राहिला होता, नि:शब्द.

"लागला, काकाजी," ती म्हणाली. "मरा आता."

"मी आजवर कधी मेलो नाई."

"म्हनूनच. बाबा किती वेळा मेले तुमच्यासाठी. एकदा त मरा ना."

झाडाखालून बुढी म्हणाली, "मरा मरा. चाय ठेवतो तोपर्यंत."

मी तलवार सोडली. मग धनलाल करी तसं एकवार प्रेक्षकांकडे पाहिलं; समोर रिकाम्या बांध्या होत्या. एक गुडघा टेकला, उजवा हात आकाशाकडे नेला, आणि तणशीवर उताणा पडलो. खालून सगळं निराळं दिसतं. मी विजयाचं लांबलचक भाषण करी तेव्हा तो असाच पडून असे, श्वास रोखून, पोट हलू न देता, माझी हनुवटी आणि वरचा काळोख पाहत. माझ्या वाट्याला फांद्यांतलं निळं आकाश आलं. हेमलतेनं मुखवटा काखेत मारला, टाळ्या पिटल्या आणि ओरडली, "वन्स मोअर!" तिचा चेहरा घामानं भिजला होता, आणि ती हसत होती ती बापासारखी, अर्ध्या ओठानं. मी लगेच उठलो नाही. कारण त्या शांततेत, इतक्या वर्षांत प्रथमच, मला मोहफूल पडताना ऐकू आलं. टप.

आज ती पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेली आहे. निकाल संध्याकाळी कळेल. निवडली तर मी पेढे वाटीन. नाही निवडली तर उद्या खळ्यावर जाईन, मुखवटा मागून घेईन आणि हात खाली ठेवीन. खळं सध्या रिकामं आहे, दोऱ्यावरची गुंडी वाऱ्यानं हलते आहे, आणि मधूनमधून एक फूल पडतं आहे. काळसुद्धा आपल्या हातातली तलवार अशीच काढून घेत असावा, आवाज न करता. पण ती घेणाऱ्या हाताचा स्पर्श ओळखीचा निघाला, तर गेलेल्यांची उणीव मोहफुलाएवढी हलकी होते, आणि त्याच्याएवढीच ऐकू येते.