धन्याच्या आधी पोचणारा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे, पण एका जागी गुमान उभे राहतात त्यांच्यातला नाही. माझं निम्मं आयुष्य गाडीत गेलं. खांब सुटे, फळ्या सुट्या, वरून मेणकापड आणि खाली खडखडणारी चाकं. आता मला कुणी कुठे नेत नाही. तरी अंगणात चाकं वाजली की माझे सांधे कुरकुरतात, चला, निघायचंय. खोडच आहे ती, काय करणार.

माझं लाकूड ओकचं. जोकोसाबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी एक थोरलं झाड पाडलं आणि सुताराला हिवाळाभर घरात ठेवून घेतलं. होणारे जावई म्हणजे ब्रॅकनहोल्टचे बडे सरदार, अर्ल मार्मड्यूक, माझे धनी. ते काम बघायला आले तेव्हा त्यांनी कोरीवकामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "हा मोडून गाडीत घालता येईल ना? मला एका ठिकाणी महिनाभर बसवत नाही."

सासरे हसले. जोकोसाबाई हसल्या नाहीत.

मग सुताराने मला सगळं खुंट्यांवर आणि दोरांवर उभं केलं. अंगात खिळा म्हणून नाही. बाईंनी स्वतः लाल लोकरी पडदे शिवले आणि त्यांवर पांढरा बगळा भरला. बगळा ही धन्यांची खूण. त्यांच्या शेकडो माणसांच्या छातीवर तोच बगळा असायचा आणि तो दिसला की बाजारात वाट मोकळी व्हायची.

त्या काळी इंग्लंडात एका मुकुटासाठी दोन राजघराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती. आमचे धनी ज्या पारड्यात बसतील ते पारडं खाली जायचं. एका राजाला त्यांनी गादीवर बसवलं. पुढे त्याच्याशी बिनसलं, तेव्हा दुसऱ्याला बसवलं. कोणी म्हणे पराक्रमी, कोणी म्हणे पाताळयंत्री. मी त्यांच्या पाठीखाली असायचो, म्हणून मला एकच ठाऊक होतं. या माणसाला झोप नव्हती. पडायचे, कूस बदलायचे, उठून बसायचे, खिडकीशी जायचे, पुन्हा येऊन पडायचे. माझे दोर सैल झाले ते त्यांच्या वजनाने नाही, त्यांच्या तळमळीने.

बडे लोक आपल्याच पलंगावर झोपायचे, मग मुक्काम कुठेही असो. म्हणून धनी निघायच्या आदल्या दिवशी मी निघायचो. माझ्या दिमतीला हॉजकिन नावाचा जाडगेला, तोंडाळ माणूस होता. लाकडी हातोड्याने खुंट्या ठोकणं आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलणं, ही त्याची दोन कामं. माझी गाडी वेशीत शिरली की गावाला कळायचं, उद्या अर्ल येणार. भट्ट्या पेटायच्या, आणि लोक आपल्या कोंबड्या लपवायचे.

एकदा एका भटारणीने त्याला गाठलं. "काय हॉजकिन, औंदा कुठला राजा?"

"मला काय विचारतेस बाई? मी पलंगाचा माणूस. राजे येतात जातात, खुंट्या त्याच."

"जीभ आवर, नाहीतर मुंडकं जाईल एक दिवस."

"जाऊ दे. टोपीचा खर्च वाचेल."

मला त्याचं असं बोलणं आवडायचं. गाडीत पडल्या पडल्या तेवढाच विरंगुळा.

मग ती दगलबाजी झाली. शत्रूच्या माणसांनी आमचे बगळे शिवून छातीवर लावले, एका गढीच्या दाराशी जाऊन "अर्ल आलेत, उघडा" म्हणून ओरडले, आणि पहारेकऱ्याने बिचाऱ्याने उघडलं. आतलं एकही माणूस जिवंत राहिलं नाही. धनी चवताळले. त्यांनी आपल्या सगळ्या गढ्यांचे द्वारपाल बोलावून घेतले. माझ्या काठावर बसून ते बोलत होते आणि समोर सगळे माना खाली घालून उभे होते. धन्यासमोर मान वर करायची नाही, ही तिथली रीत.

"बगळा कोणीही शिवेल," धनी म्हणाले. "अंगठीही खोटी घडवता येते. पण हा पलंग एकच आहे. याची गाडी दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी स्वतः अर्ल आहे म्हणून कोणी गळा काढला तरी नाही. ऑस्बर्ट, कळलं?"

ऑस्बर्ट हा सँडर्नेसचा द्वारपाल. नदी समुद्राला मिळते तिथे आमचा बुरूज होता. धन्यांचं जहाज त्या बुरुजाच्या आतल्या धक्क्याला बांधलेलं असायचं, आणि तिकडे जायला तेवढंच एक दार.

"कळलं, सरकार," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

खरं सांगतो, त्या दिवशी मी फुगलो. राजाच्या मोहरेहून माझा मान मोठा झाला होता. हॉजकिन तेव्हा खाली घोड्यांना पाणी पाजत होता आणि जोकोसाबाई माहेरी होत्या. दोघांनाही या हुकमाचं कोणी काही सांगितलं नाही.

धन्यांनी पुन्हा एकदा बाजू बदलली तेव्हा मात्र बाईंचा संयम सुटला. हॉजकिन माझे दोर सोडत होता, त्याच्यासमोरच त्या बोलल्या.

"अहो, आता पुरे. ज्यांच्याशी सकाळी जेवता त्यांच्यावर संध्याकाळी तलवार काढता. उद्या तुमच्या बाजूने उभं कोण राहील?"

"सगळे राहतील. मी जिंकतो म्हणून राहतात."

"आणि हरलात की?"

"हरलो तर बघू. हॉजकिन, हात चालव."

"याचे दोर दर आठवड्याला सुटतात," बाई म्हणाल्या, "घर बांधायचं कसं मी?" धनी तोवर अंगणात उतरले होते. त्यांचं एक पाऊल रिकिबीत होतंच.

आणि ते हरले. एका ओल्या कुरणात त्यांची फौज कापली गेली. ज्यांच्या भरवशावर लढाईला उभे राहिले, ते ऐन वेळी जागचे हललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी धनी एकटे ब्रॅकनहोल्टला आले. घोडा फेसाळलेला, चिलखत चिखलाने भरलेलं. मी नुकताच खोलीत उभा केलेला होतो. ते चिखलासकट माझ्यावर बसले आणि पुन्हा पुन्हा दाराकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्या सोबत होतो, पण त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघितलं.

"मागावर आहेत," ते म्हणाले. "सँडर्नेसला पोचलो, जहाजात बसलो, की सुटलो."

बाईंनी रडारड केली नाही. त्यांचं डोकं भराभर चालत होतं. "पलंग गाजावाजा करून उत्तरेला मठात पाठवा. ते पलंगाच्या मागे जातील. तुम्ही धनगराच्या वेशात पूर्वेला निघा. ओळखू येईल असं अंगावर काही ठेवू नका."

त्यांनी स्वतःच्या हातांनी धन्यांची दाढी कात्रीने उतरवली. चिलखत काढलं, बगळ्याचा अंगरखा काढला, बूटही काढले. अंगठी बोटात रुतली होती, ती साबण लावून काढली. धनगराचा मळका झगा त्यांच्या अंगावर घातला, दोन पावलं मागे जाऊन नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आता तुमची आईसुद्धा ओळखणार नाही."

मित्रांनो, मला तो हुकूम ठाऊक होता. माझ्याशिवाय सँडर्नेसचं दार उघडणार नव्हतं. तो हुकूम देणारा माणूसच भीतीने आणि जागरणाने तो साफ विसरला होता. मी कुरकुरलो, एक खुंटी सैल होऊन खाली पडली. हॉजकिनने ती उचलली, "तुलाही आताच सुचलं का रे" म्हणाला आणि मला गाडीत घातलं. पलंगाला तोंड नसतं, याचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

आम्ही उत्तरेला निघालो. पुढे कर्णा, मागे बगळ्याचं निशाण. चाकाचा प्रत्येक फेरा मला धन्यांपासून लांब नेत होता. मठात पोचल्यावर हॉजकिनने मला उभं केलं, पडदे ओढले आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे स्वतःच आत जाऊन पडला. आयुष्यभर माझी गादी त्याने झटकली होती, पाठ टेकली ती त्या दिवशी. "अरेच्चा," तो पुटपुटला, "एवढ्या मऊ गादीवर सरकारांना झोप येत नव्हती होय?"

सकाळी शत्रूचे सैनिक आले. तलवारीने पडदे फाडले, बाईंच्या हातचा बगळा मधोमध चिरला, आणि आत बघतात तर हॉजकिन हनुवटीपर्यंत पांघरूण ओढून पडलेला.

"अर्ल कुठे आहे?" त्यांचा नाईक ओरडला.

"बाहेर गेलेत, साहेब. मला म्हणाले, येईपर्यंत जागा गरम ठेव."

त्यांनी त्याला बेदम मारलं. पण तोवर निम्मा दिवस वाया गेला होता. बेत फत्ते झाला होता. हॉजकिनचा ओठ फुटला होता तरी तो हसत होता. त्याला वाटलं, सरकार एव्हाना समुद्रावर असतील. मी एकटा तिथे उभा राहून कुढत होतो.

चार दिवसांनी धनी मारले गेल्याची बातमी आली आणि त्याचं हसणं कायमचं थांबलं.

धन्यांचं सगळं जप्त झालं. गढ्या, गुरं, जंगल, सगळं गेलं. मी बाईंच्या माहेरून आलेला, म्हणून नव्या राजाच्या माणसांनी मला तेवढं सोडलं. त्याच मठात बाईंना एक लहान खोली मिळाली. मी तिथे दारापासून भिंतीपर्यंत मावलो.

वसंतात एक माणूस पायी चालत आला. ऑस्बर्ट. त्याला मठाच्या जोगिणींनी आत आणलं. तो माझ्या पायथ्याशी मान खाली घालून उभा राहिला. बाई माझ्या काठावर बसल्या होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "सगळं सांग."

"दुपारी एक धनगर आला, बाईसाहेब. आवाज पार बसलेला. म्हणाला, मी अर्ल आहे, दार उघड. मी तटावरून विचारलं, पलंगाची गाडी कुठे? मग कपाळावर हात मारला त्याने."

बाईंनी माझा खांब घट्ट धरला. "हुकूम कोणाचा होता?"

"सरकारांचा, बाईसाहेब. पलंग दिसल्याशिवाय उघडायचं नाही."

"मला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "अंगठी मी काढून घेतली. दाढी मी कापली."

"त्याने शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाला, अरे ऑस्बर्ट, पलंग नाही, पण मी आहे ना. बघ माझ्याकडे. मी बघितलं, बाईसाहेब. देवाशपथ बघितलं. वीस वर्षं त्यांची चाकरी केली, पण मान कायम खाली. त्यांचे बूट मला ठाऊक होते, चेहरा ठाऊकच नव्हता. आणि त्या धनगराच्या पायात बूट नव्हते." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तो दाराला पाठ लावून बसून राहिला. संध्याकाळी घोडेस्वार आले. त्यांनी त्याला तिथेच मारलं आणि ओरडून म्हणाले, घ्या तुमचा अर्ल. तेव्हा मी दार उघडलं."

ऑस्बर्टने गुडघे टेकले. मला वाटलं, बाई आता त्याला हाकलून देतील. तोही तेच धरून आला असावा, कारण तो तसाच वाट बघत होता.

"ऑस्बर्ट, मान वर कर," बाई म्हणाल्या.

त्याला ते जमेना. जन्माची सवय. बाईंनी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने हळूहळू डोळे वर केले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचे डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसले नाहीत, तोंड फिरवलं नाही. त्याला हवं तेवढं बघू दिलं.

"उद्या मी गोणपाट पांघरून आले, तर मला ओळखशील?"

"ओळखीन, बाईसाहेब."

"आणि त्यांना?"

"आता ओळखीन," ऑस्बर्ट म्हणाला. "आता डोळे मिटले तरी तोच चेहरा दिसतो."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, माझ्या लाकडाला तेल लावा, हे सगळं सवडीने केलंत तरी चालेल. पण आज घरी जाल तेव्हा जो कोणी दार उघडेल, त्याच्या तोंडाकडे नीट बघा, आणि आपलं तोंडही त्याला दिसू द्या.