उजव्या पायाची दुमड

नणंदेने एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, डोळे बारीक केले आणि मान हलवली.

"मला तर यात काही फाटलेलं दिसत नाही बाई."

"आत्या, उलटी धरलीयेस," लेक म्हणाली.

फिल्म सुलटी झाली. तरीही नणंदेला काही दिसलं नाही आणि त्यामुळे तिचं मत आणखीच पक्कं झालं. मीटरबाई स्टुलावर डाव्या अंगावर रेलून बसली होती. आपल्या खुब्याच्या आतल्या भागाचं असं चारचौघांत प्रदर्शन मांडलेलं बघून तिला हसावं की ओरडावं तेच कळत नव्हतं.

मीटरबाई हे नाव तिला गल्लीने दिलं होतं. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे, हे तिचं काम. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा कुंडीमागे, कुणी मुद्दाम वर दगड ठेवलेला. वाकायचं, उकिडवं बसायचं, आकडा घ्यायचा, पुढचं दार. अशाच एका इमारतीच्या ओल्या जिन्यावरून ती घसरली. हाडं वाचली, पण खुब्याच्या वाटीची कड फाटली. तेव्हापासून तिला फिरती नव्हती. ती कचेरीत बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे तपासत होती. साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं की पाय बरा झाला नाही, तर तक्रारींच्या खिडकीवर जागा आहे. दिवसभर एका जागी बसून लोकांच्या शिव्या खायच्या! त्यापेक्षा कुत्री परवडली, असं ती म्हणायची. तिच्या भागातली सगळी कुत्री तिला ओळखत होती.

सर्जन म्हणाले होते, दुर्बिणीतून फाटलेली कड शिवून टाकू, मग काही आठवडे कुबड्या आणि व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, आधी तीन महिने व्यायाम करून स्नायू बळकट करा, पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं. "चाल सरळ होतेय का, तेवढं बघत राहा. नाही झाली, तर हट्ट न धरता सर्जनकडे जा." दोघंही समंजसपणे बोलले, तीच तर पंचाईत होती. एक जण तरी मूर्ख निघाला असता, तर प्रश्न सुटला असता.

आता तीन महिने भरत आले होते. सर्जनना उद्या हो किंवा नाही सांगायचं होतं.

"आई, करून टाक ऑपरेशन. किती दिवस कुंथत बसणार?"

"कुंथतंय कोण?"

"रात्री कुशीवर वळताना ऐकू येतं मला."

"माझा गुडघा बघ," नणंद म्हणाली. "केलं ना ऑपरेशन? जिना चढताना अजून देव आठवतो. वहिनी, सांगते ऐका, एकदा शरीराला सुरी लागली की ते शरीर आपलं राहत नाही."

"आत्या, तू एक दिवस तरी व्यायाम केलास का नंतर?"

"गुडघा दुखत असताना व्यायाम करतं का कुणी?"

लेकीने कपाळावर हात मारला. मीटरबाईने शेवटची आशा म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. तो शिंपी. खिडकीखाली मशीनवर कुणाच्या तरी झब्ब्याची बाही लावत होता. इतका वेळ मूग गिळून बसला होता.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की."

त्याने दोरा दाताने तोडला. "तू म्हणशील तसं."

तीन महिने हेच. पडली त्या दिवशी हेच, सर्जनसमोर हेच. मीटरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला गिऱ्हाइकाच्या कॉलरबद्दल मत असतं, काजाच्या रंगाबद्दल मत असतं, मग बायकोच्या खुब्याबद्दल का नाही?

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "नाही करायचं ऑपरेशन. व्यायामाने फरक पडलाय. दुखणं आहे, जाईल हळूहळू. पण चाल सरळ झालीये. रोज बघते मी आरशात."

ती रोज बघायची, हे खरं होतं. फिजिओबाईंनी कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून उंची बघायला सांगितलं होतं. पण हाडं चाचपत बसायला वेळ कुणाला? कोपऱ्यात गिऱ्हाइकांचा उंच आरसा होताच. ती युनिफॉर्मची पँट घालून त्याच्यासमोर उभी राहायची आणि दोन्ही पायांची खालची कड बघायची. नवऱ्याच्या हातची दुमड कधी सूतभरही चुकत नसे. कड सरळ, म्हणजे आपण सरळ. सुरुवातीला उजवी कड जमिनीला टेकायची. मग हळूहळू वर आली. गेले कित्येक दिवस दोन्ही एका रेषेत होत्या.

"शाब्बास!" नणंद म्हणाली, जणू व्यायाम तिनेच केले होते. लेक फिल्म पाकिटात घालू लागली. थोड्या वेळाने ती आत्याला सोडायला निघून गेली आणि खोलीत मशीनचा आवाज तेवढा उरला.

कचेरीतून आज नवा युनिफॉर्म मिळाला होता. फिरतीवर परत जायचंच आहे, तर घालून बघू, म्हणून मीटरबाईने आत जाऊन पँट चढवली, बाहेर येऊन आरशासमोर उभी राहिली आणि तिचं डोकंच फिरलं. पँटचा उजवा पाय जमिनीवर लोळत होता. डावा घोट्याला बरोबर.

"बघा, बघा! ही कचेरीची शिलाई! एक पाय लांब, एक आखूड. पैसे कशाचे घेतात हे लोक? डोळे मिटून कापतात की काय?"

मशीन थांबलं.

"ठेव इकडे. मी करतो नीट. उद्या."

"उद्या कशाला? आत्ता करा. नाहीतर थांबा, मीच खूण करून देते."

"अगं, राहू दे ना—"

पण ती आत जाऊन युनिफॉर्मची जुनी पँट घालून आलीसुद्धा. कापडं कापायच्या टेबलावर तिने नवी पँट पसरली, पायाला पाय जुळवला. दोन्ही कडा तंतोतंत. तिने पुन्हा जुळवल्या. तरी तंतोतंत.

नाचता येईना, अंगण वाकडं, असं तिला कुणी म्हणायच्या आत ती दाराकडे वळली. बाहेर वाळत घातलेली जुन्या युनिफॉर्मची दुसरी पँट तिने ओढून आणली आणि तीही तशीच पसरली. उजवा पाय आखूड होता. चांगला अंगठाभर आखूड.

मीटर वाचणाऱ्या बाईला अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. उलटे फिरवलेले मीटर तिने आजवर कितीतरी पकडले होते.

"माझ्याच घरात?" ती हळू म्हणाली. मग आवाज चढला. "गावभरच्या लोकांनी फिरवलेले मीटर मी पकडते, आणि माझ्याच घरात मीटर फिरवून ठेवलात? कधीपासून?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि बोटाला गुंडाळायला लागला.

"तुझी कड घासत होती. कापड फाटायला आलं होतं. म्हणून थोडी वर घेतली."

"थोडी? मग पुन्हा थोडी, मग पुन्हा थोडी! आणि मी इकडे वेड्यासारखी आरशात बघून खूश!"

"त्यासाठीच." त्याने टेप सोडली. "एकदा तू आरशात बघितलंस आणि तशीच पलंगावर जाऊन बसलीस. त्या दिवशी व्यायाम केला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, सरळ दिसलं तर करशील. आणि केलास की. रोज केलास."

"करून उपयोग काय झाला?"

तो टेप पुन्हा गुंडाळायला लागला.

"चाल सरळ झाली नाही तर जा, असं बाईंनी सांगितलं होतं. तुमच्यासमोर सांगितलं होतं. उद्या मी नाही म्हणून मोकळी झाले असते! मघाशी तरी बोलायचं होतं. तोंडाला काय टाके घातलेत?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "तू आत, मी बाहेर. मला ते जमणार नाही, असं वाटलं."

मीटरबाईला खूप काही बोलायचं होतं. राग होता, चांगला पोटभर राग होता, पण या माणसावर तो कुठून सुरू करावा हे तिला कळेना. तिने खुर्चीवर बसून पाय पुढे केला.

"उसवा."

तो खाली बसला आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका तोडू लागला. दुमड सुटली तसं आतलं कापड खाली आलं. बाकीची पँट उन्हात वाळून वाळून आणखी फिकी झालेली, आणि ही पट्टी मात्र जरा गडद.

"कापलं नाहीत?"

"कापून कसं चालेल?" तो वर न बघता म्हणाला. "बरी झालीस की लागेल ना परत."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

मग उठून आरशासमोर गेली. उजवी कड जमिनीवर पसरली होती. शिंपी सवयीने तिच्या पायाशी उकिडवा बसला, कानावरचा खडू काढला आणि रोज प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तेच म्हणाला.

"सरळ उभी राहा."

"अहो," ती म्हणाली, "मी सरळच उभी आहे."

त्याचा खडू तसाच हातात राहिला. त्याने आधी तिच्या पावलांकडे पाहिलं, मग कमरेकडे, मग आरशातल्या तिच्या तोंडाकडे. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. त्याने खडू परत कानावर ठेवला.

"पोरगी आली की सांग तिला. ऑपरेशनची तारीख घे म्हणावं."

मीटरबाईने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. तीन महिने ऐकून ऐकून पाठ झालेलं वाक्य तिच्या तोंडाशी तयारच होतं.

"तुम्ही म्हणाल तसं."