उद्याची मोळी

लोणावळ्याच्या बाजारात रज्जाकची बेकरी होती तेव्हाची गोष्ट. आता तो भाजल्या पावाचा वास राहिला नाही नि ती माणसंही राहिली नाहीत.

पहाटे भट्टी पेटायची ती सारजाबाईच्या मोळीवर. डोंगरावरच्या वाडीतून ती उतरायची. पावसात इरलं मोळीवर आणि बाई स्वतः ओलीचिंब! मोळी टाकायची, गरम पाव घ्यायची आणि रज्जाकच्या आईशेजारी, म्हणजे चाँदबीशेजारी, पायरीवर चहाला टेकायची. चाँदबीला धड दिसत नव्हतं, पण सारजा आली की म्हातारीची जीभ काय सुटायची! सुना, जावई, सगळ्यांची हजेरी घेतली जायची.

"मावशी, चार दिवसांचं लाकूड एकदम टाक की," रज्जाक म्हणायचा.

"उद्याची मोळी उद्या. आजच आनली, तर उद्या म्या कशाला येऊ?"

एका श्रावणात ओढा फुगला नि सारजा आली नाही. भट्टी थंड, पीठ आंबून गेलं, गिऱ्हाईकं बोंबलत परत गेली. रज्जाकचं डोकं फिरलं. त्यानं वर्षभराचं लाकूड ट्रकनं आणून मागच्या पडवीत रचलं.

ओढा उतरल्यावर सारजा आली. तिनं ढीग बघितला. "भागलं म्हना की तुमचं," एवढंच म्हणाली आणि मोळीसकट माघारी फिरली. चहालाही थांबली नाही. चला, कटकट मिटली, असं रज्जाकला वाटलं.

मिटली कसली! भट्टी वेळेवर पेटायची, पण चाँदबीचं तोंड मिटलं. रोज दोन कप मागून घ्यायची आणि दुसरा तसाच निवू द्यायची.

त्यात दिवाळीआधीच ढीग निम्मा झाला. चोर! रज्जाक भर दुपारी पडवीत दबा धरून बसला. बघतो तर भिंत चाचपत अम्माच आली. मागच्या दाराशी शेजारची विठाबाई उभी.

"घे गं, आणखी दोन घे. जावेलाही पाठव तुझ्या."

"अम्मा! हे काय चाललंय?"

म्हातारी दचकली तर नाहीच, उलट डाफरली. "ढीग सरल्याशिवाय ती यायची नाही! वर्षाचं लाकूड भरलंस. मी वर्षभर आहे का, ते विचारलंस?"

रज्जाकला रडूच फुटलं. उरलेला ढीग त्यानं विठाबाईच्या अंगणात टाकला आणि तडक वाडीची वाट धरली.

दुसऱ्या पहाटे पायरीपाशी मोळी आदळली.

"ढीग कुटं गेला गं?"

"सरला. आता तुझ्यावाचून चूल नाही आमची," चाँदबी म्हणाली. "बस, चहा निवतोय."

पुढे ओढा फुगला की भट्टी थंडच राहायची. "आज सारजामावशी नाही, पाव नाही," रज्जाक खुशाल सांगायचा. गिऱ्हाईकं शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

पुढच्या थंडीत चाँदबी गेली. माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीही सारजा मोळी घेऊन आली आणि पायरीवर बसली. रज्जाकनं दोन कप चहा आणला. एक तिला दिला आणि दुसरा घेऊन अम्माच्या जागेवर बसला.

"मावशी, उद्या येशील ना?"

"न्हाई तर भट्टी कशी पेटंल रं तुजी?" सारजा म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.