पहिली नळी

शेवटच्या आजारात बायको कुशीवर वळली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. पडली नाही, धडपडली नाही, नुसती वळली. तो आवाज मी ऐकला. तेव्हापासून आमची लेक जिन्यावरून भरभर उतरली तरी मी खाली जाऊन उभा राहतो. आता घरात आम्ही दोघंच.

तिला आम्ही ठमी म्हणतो. ती एका प्रयोगशाळेत काम करते. हाडं खाणाऱ्या पेशी कशा तयार होतात, ते तिथे बघतात. मी गवंडी, म्हणून तिने मला तसंच समजावलं.

"बाबा, जुनं प्लास्टर खरवडल्याशिवाय तुम्ही नवं लावता का? हाडाचंही तसंच. खरवडणारे रक्तातून येतात. आधी ते लहान, सुटे असतात. हाड बांधणाऱ्या पेशींनी हुकूम दिला की एकमेकांत मिसळतात आणि कितीतरी मिळून एक दांडगी पेशी होते. ती हाडाला चिकटते, आम्ल सोडते, खड्डा पाडते."

"आणि हुकूम नसला तर?"

"लहानच राहतात." मग हळूच म्हणाली, "आईच्या अंगात कॅन्सरच्या गाठीच हुकूम सोडत होत्या."

या प्रयोगाला निरोगी माणसांचं रक्त लागतं. ठमी नेहमी स्वतःचं देते. या वेळी तिने मलाही रक्त द्यायला नेलं. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे.

काही दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली आणि पायातले बूट न काढताच खुर्चीत बसली.

"हुकूम न देता ठेवलेल्या बशीत मोठ्या पेशी झाल्यात, बाबा. तळाशी ठेवलेल्या हाडाच्या चकतीला खड्डे पडलेत."

"कुणाच्या रक्तात?"

"पहिल्या नळीच्या. माझ्या."

"कंबर दुखते का तुझी?"

"दुखते. पण आज दिवसभर उभीच होते."

"पहिली नळी तुझी कशावरून?"

"नेहमी माझंच रक्त आधी काढतात."

"त्या दिवशी नाही. तू बशा आणायला आत गेलीस, तेव्हा मी रक्त काढणाऱ्या बाईंना म्हटलं, आधी मला टोचा. तुझ्या हातात सुई जाताना बघायला थोडा धीर हवा होता."

"खोटं बोलू नका. माझा पोपट मेला तेव्हाही उडून गेला म्हणाला होतात."

"उडालाच होता तो."

"बाबा!"

रक्त काढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दिवसभर हातच बघते, तोंडं कोण लक्षात ठेवतंय? शेवटी ठमीने एकटीचं रक्त देऊन प्रयोग पुन्हा लावला. पेशी वाढेपर्यंत थांबणं आलं.

ते दिवस वाईट होते. तिने पाण्याची बादली उचलली की मी धावायचो. "मी काय म्हातारी झाले?" असं ओरडायची आणि बादली खाली ठेवायची. मी स्वतःलाच विचारायचो, खरंच मी आधी बसलो होतो का? की तसं व्हावं असं वाटतं म्हणून मला तसं आठवतंय? खुर्ची आठवायची, दंडाला बांधलेला पट्टा आठवायचा. आधी की नंतर, ते धड आठवेना. देवाला एकच सांगत होतो, ती नळी माझी असू दे.

मग एका सकाळी तिने मला प्रयोगशाळेत नेलं. तिने आधी बघितलं होतं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बारीक दाणे, सुटे सुटे. एकही मोठा नाही.

"हे तुझंच ना?"

"माझंच."

मी स्टुलावर बसलो आणि हसायलाच लागलो. किती तरी महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

ठमी हसली नाही. ती माझ्यामागे आली आणि पाठीचा एकेक मणका बोटाने दाबू लागली.

"इथे दुखतं? इथे?"

"नाही गं."

बोट कमरेपाशी आलं.

"इथे? बाबा, खरं सांगा."

"दुखतं," मी म्हटलं.

तिने अंगातला पांढरा कोट काढला, माझी पिशवी उचलली, आणि आम्ही थेट डॉक्टरांकडे निघालो.