मोडीतलं नाव

मी एक पितळी गडवा. पुण्याकडे मला गडू म्हणतात. गडवा म्हणावं असं आता माझ्यात फारसं काही उरलेलं नाही. नागपूरच्या इतवारीत, मोडीच्या दुकानात, एका गोणीत तळाशी चेपलेला पडलो आहे. माझ्या अंगावर दोन पराती आहेत, एक समई आहे आणि कुणाच्या तरी घरचा बंब. बाहेर कुणी काही आपटलं की अजूनही अंगातून झणझण जाते. दचकायला मला वेळ लागत नाही. पितळेची जातच तशी.

गोणी उद्या भंडाऱ्याला जाणार. तिथं भट्टी आहे. त्याआधी एका बाईचं नाव सांगून टाकायचं आहे, कारण आता ते माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. तिचं नाव प्रयाग.

माझा जन्म याच इतवारीतला, इथून चार गल्ल्यांवर. तेव्हा राज्य विलायतेच्या राणीचं होतं. प्रयागचे वडील कचेरीत कारकून. मुलीच्या लग्नात आंदण द्यायला त्यांनी मला घडवून घेतलं. कासारानं विचारलं, "नाव काय घालायचं?" त्यांनी कोळशाचा तुकडा उचलला आणि माझ्या मानेभोवती आधी एक लांब रेघ ओढली. मग त्या रेघेखाली अक्षरं सोडली. बाळबोध लिपी त्यांना येत होती, पण हात चालायचा तो मोडीतच. जन्मभर कचेरीचे कागद मोडीत लिहिलेले.

"जावयाचं नाव नाही घालत?" कासार म्हणाला.

"तिकडे गेल्यावर तांदळात बोट फिरवून तिचं नाव बदलतील. भांड्यावर तरी आम्ही ठेवलेलं राहू द्या."

कासारानं टोच्यानं ठिपका ठिपका ठोकत ती रेघ आणि तीन अक्षरं घातली. दुखलं. पण ज्या भांड्याला नाव नाही ते कुणाचंही होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

प्रयागचं सासर उमरेडला. तिथं तिला काय नवं नाव मिळालं ते मी क्वचितच ऐकलं. सासू 'अगं' म्हणायची, नवरा काहीच म्हणायचा नाही, आणि मुलगा झाल्यावर ती सगळ्यांची 'बाळ्याची आई' झाली. कधी दुपारी एकटी असली की ती माझ्या मानेवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवायची. तिला वाचता येत नव्हतं. तरी बोट बरोबर पहिल्या अक्षरापासून सुरू व्हायचं.

मग एकोणीसशे सालचा दुष्काळ आला. नवऱ्याचं काम सुटलेलं, कणगी रिकामी, तिचे वडील पटकीनं गेलेले, म्हणजे माहेरही संपलेलं. बाळ्या पाच वर्षांचा. त्याचं पोट फुगलं होतं आणि तो रडायचा थांबला होता. घरातल्या कुणाला त्याचं भय वाटलं नाही. तिला वाटलं. गावाबाहेर सरकारी अन्नछत्र होतं. तिथं कुठल्याही जातीचं माणूस शिजवी, कुणीही वाढी. म्हणून आमच्या घरचं कुणी तिकडे फिरकत नसे. एका सकाळी ती बाळ्याला कडेवर आणि मला पदराखाली घेऊन निघाली.

माझ्यात पातळ खिचडी पडली. मी त्या दिवसाइतका गरम कधी झालो नव्हतो. तिनं ती रस्त्यातच, चिंचेच्या झाडाखाली बाळ्याला भरवली. उरलेली बोटानं पुसून स्वतः खाल्ली. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सासूनं माझ्या तळाशी चिकटलेलं शीत पाहिलं.

त्या घरात आरडाओरडा झाला नाही. सासूनं दार लावून घेतलं, एवढंच. बाळ्या आत होता, मी आत होतो, प्रयाग बाहेर होती. ती बराच वेळ ओट्यावर बसली होती, कारण तिच्या बांगड्या दाराला लागल्याचं ऐकू येत होतं. मग ऐकू येईनासं झालं. नवऱ्यानं विचारलं, "गडव्याचं काय करायचं?" सासू म्हणाली, "पितळ आहे. चिंचेनं शुद्ध होतं." आणि तिनं मला विस्तवावरून काढून चिंचेनं घासलं. घासून घासून मी सोन्यासारखा लखलखलो. माझी मला एवढी लाज कधी वाटली नाही.

पुढल्याच वर्षी खानेसुमारी आली. शाळेचे मास्तर वही घेऊन ओट्यावर बसले. घरात माणसं किती? नवऱ्यानं सांगितलं: पुरुष दोन, बाई एक, मुलगा एक. पुरुष म्हणजे तो आणि सासरा, ती एक बाई म्हणजे सासू. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही विधुर का?" खोटं नवऱ्याच्यानं बोलवलं नाही, खरंही नाही. मास्तरांनी काहीतरी लिहिलं आणि पाणी मागितलं. ते पाणी माझ्यातून दिलं गेलं.

प्रयाग कुठं गेली, मला माहीत नाही. कुठं मेली तेही नाही. त्या घरात तिचं नाव कुणी परत घेतलं नाही. बाळ्याला आठवायची ती फक्त 'आई'. पाच वर्षांच्या पोराला आईचं दुसरं नाव कुठून असणार?

बाळ्या मोठा झाला, नागपूरला आला, कारकून झाला. मला मात्र त्यानं सोडलं नाही. भाड्याच्या खोल्या बदलल्या, सरकारी क्वार्टर बदललं, मी बरोबर. त्याचा मुलगा गिरिधर. गिरिधरलाही त्यानं एवढंच बजावलं होतं: "गडवा मोडायचा नाही." काहून, ते सांगितलं नाही. आज गिरिधर नव्वदीला आलेत, आणि आमचं घर बेसा भागात, चौथ्या मजल्यावर आहे.

दर पितृपक्षात गुरुजी यायचे. बाप, आजा, पणजा, सगळ्यांना नाव घेऊन पाणी. मग आई. मग गुरुजी विचारायचे, "वडिलांच्या आईचं नाव?" आणि गिरिधर थांबायचे. दरवर्षी त्याच ठिकाणी. गुरुजी म्हणायचे, "माहीत नसेल तर गंगा म्हणा, चालतं."

"तुम्हाला चालतं हो. तिला चालेल का?" गिरिधर म्हणायचे, आणि नाव न घेताच ताम्हनात पाणी सोडायचे. ते पाणी माझ्यातलंच असायचं. नाव माझ्या मानेवर, पाणी माझ्या पोटात, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. गिरिधर स्वतः मोडी वाचणारे. पण भांडी घासण्याचं काम त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, आणि पुरुषमाणूस गडव्याची मान निरखून कशाला बघेल. घासणाऱ्या बायकांना ती नक्षी वाटायची.

कोरोनात गिरिधरचा एकुलता एक मुलगा गेला. घरात राहिल्या सून शोभाताई आणि नात भैरवी. आता मला घासतही कुणी नव्हतं. खिडकीत ठेवून माझ्यात मनी प्लांट लावला होता. मी काळवंडलो, मानेवर पानं लोंबली.

या वर्षी गिरिधरना धाप लागली आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवावं लागलं. जाताना त्यांनी भैरवीचा हात धरला. "औंदाच्या पितृपक्षापर्यंत मी काही राहत नाही बेटा. तेवढं माझ्या आजीचं नाव शोधून दे. तिला हाक मारल्याशिवाय कसा जाऊ?"

भैरवी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी हातातला पेन पडायचा. पण ती हिंडली. सरकारी कचेरीत तिला सांगितलं की त्या काळच्या खानेसुमारीचे आकडे भेटतात, माणसं भेटत नाहीत. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ती एसटीनं उमरेडला गेली. त्या मास्तरांच्या पणतूकडे एका पेटीत कच्ची वही निघाली. संध्याकाळी ती माझ्याशेजारी टेबलावर बसून आईला मोबाइलवरचा फोटो दाखवत होती.

"पुरुष दोन, बाई एक, मुलगा एक. आई, मुलाची आई यात नाहीच."

"मेली असेल वं. त्या काळी बायका टिकत होत्या कुठं?"

"मग पणजोबांच्या वडिलांपुढे विधुर असायला हवं ना. इथं 'विवाहित' लिहिलंय. लग्न झालेलं आहे आणि बायको नाही." भैरवीचा आवाज बारीक झाला. "ती जिवंत होती आई. फक्त मोजली नाही."

शोभाताई म्हणाल्या, "इथं जित्या सासऱ्याची विम्याची फाइल सापडत नाही, आणि तू सव्वाशे वर्षांपूर्वीची बाई शोधून राहिली." पण उठताना त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी भैरवीनं घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढले. बघून आजोबांना काही आठवलं तर आठवलं. पाट, अडकित्ता, देवघरातली घंटा, आणि मी. पानांसकट. घाईत.

त्याच दिवशी शोभाताईंनी घर आवरायला काढलं होतं. सासऱ्यांना घरी आणायचं म्हणजे दवाखान्यातला पलंग, प्राणवायूचं यंत्र, सगळ्याला जागा हवी. जुनं पितळ खाली काढून ठेवलं होतं आणि मोडवाले नत्थूजी यायचे होते. मला मात्र त्यांनी बाजूला ठेवलं होतं. सासऱ्यांचा शब्द.

तेवढ्यात फोन आला. देवघरातली भांडी घासताना शोभाताईंचे हात चिंचेत बरबटलेले, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला. भैरवी जिन्यातून बोलत असावी. आवाज तुटत होता.

"आई... आजोबा म्हणतात, तो गडवा... मोडीत आहे... आत्ताच काढून ठेव... मी येतेच..."

"काय? गडवा मोडीत काढू म्हणतात?"

"हो, मोडीत, मोडीत... घासू नको..." आणि फोन कटला.

गिरिधरनी ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे बघितलं होतं. आणि शोभाताई माझ्याकडे पाहून हळूच म्हणत होत्या, "जन्मभर हात लावू दिला नाही, आणि आज स्वतःच मोडीत काढ म्हणून राहिले. जायची वेळ आली की माणसाचा मोह सुटतो म्हणायचा." त्यांनी डोळे टिपले. मनी प्लांट उपसून आइस्क्रीमच्या डब्यात ठेवला. मला नत्थूजींच्या हातात देताना त्या क्षणभर थांबल्या. थांबल्या आणि दिलं.

नत्थूजी माणूस वाईट नाहीत. पण अख्खी भांडी गोणीत मावत नाहीत. दुकानात आल्यावर त्यांनी मला दगडावर आडवं घातलं. पहिला घाव पोटावर. दुसरा मानेवर. मान आत दुमडली, आणि तीन अक्षरं घडीच्या आत गेली.

आज दुपारी भैरवी धावत आली. चप्पल एका पायात नीट नव्हती.

"काका, सकाळपासून तुमचंच दुकान शोधतेय. बेसातून काल नेलेला गडवा. मानेवर रेघ आहे, रेघेखाली अक्षरं. नक्षी नाहीये ती, मोडी आहे. आजोबांनी फोटो पाहिला, त्यात पानामागून नुसती रेघ दिसली. ते म्हणाले, नक्षीसाठी अशी आधी रेघ कुणी ओढत नाही, मोडी लिहिताना ओढतात. तिथं त्यांच्या आजीचं नाव असणार."

"मोडी हाय तं मोडीत काहून देल्ला वं पोरी?"

भैरवी हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. नत्थूजी गडबडले. "तुह्या मायनंच तं देल्ला. मले का मालूम? अन् आता गडवा कुठचा, सगळा पत्रा झाला. घे, पाहून घे." त्यांनी गोणी ओतली.

ती खाली बसली. एकेक तुकडा उचलून फिरवू लागली. ती गोल मान शोधत होती. गोल मान माझ्याकडे राहिली नव्हती. तरी तिनं मला उचललं. अंगठा दुमडीवरून फिरला. तिथं थांबला. नख घडीत घालून तिनं जराशी उचकटली, आणि मला वाटतं पहिल्या ठिपक्यावर तिचं नख लागलं होतं.

फोन वाजला. ती दचकली. मी तिच्या हातातून सुटून ढिगावर पडलो, आणि समई घरंगळत माझ्यावर आली.

"आई? ... कधी? ... दे त्यांच्याकडे." मग बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. तिकडचा, मोठा, घरघरणारा. भैरवी म्हणाली, "आजोबा, शोधतेय. अजून नाही भेटलं." फोनमधून गिरिधरचा आवाज आला. इतका बारीक की नत्थूजींनी हातातला हातोडा खाली ठेवला.

"राहू दे बेटा. गंगाच म्हण. पाणी तं पोचेल."

ती उठली. रिक्षाला हाक नत्थूजींनीच मारली. नंतर त्यांनी सगळं गोळा करून परत गोणीत भरलं, मी तळाशी, आणि सुतळीनं तोंड शिवलं.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. गंगा. किती जवळ आले होते गिरिधर. प्रयागला गंगाच तर असते.

भंडाऱ्याच्या भट्टीवर जो कुणी उद्या मला उचलेल त्याला एवढंच सांगणं आहे. दादा, टाकण्याआधी माझ्या मानेची घडी एकदा उलगड. मोडी येत नसली तरी चालेल. आधी एक लांब रेघ लागेल. तिच्यावरून बोट फिरव. खाली तीन अक्षरं आहेत.