काशीरामच्या डब्यातल्या सात चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा डबा आहे. झाकणाला पोचा आला आहे, कडी सैल झाली आहे. भित्रा मात्र मी पहिल्यापासूनच.

काशीरामने मला महाडच्या बाजारात घेतले, कारखान्यातल्या पहिल्या पगारातून. नाते गावाजवळच्या बौद्धवाडीतून तो सायकलने कामावर जाई. त्याची बायको गीताबाई मला राखेने लख्ख घासून माझ्यात भाकरी आणि सुकट भरी. वाडीत माझे फार कौतुक होते.

पगार सुरू झाला तसा काशीराम रावजींच्या शेतावर जाईनासा झाला. रावजी गावचे सरपंच; निम्मी जमीन त्यांची. पुढे काशीराम पंचायतीत निवडून आला आणि थेट सरपंचपदालाच उभा राहिला. माझी तर पाचावर धारण बसली. सात सदस्य सरपंच निवडत, तेही हात वर करून. मागच्या खेपेला महिपत नावाच्या सदस्याने हात खाली ठेवला, तर आठ दिवसांत रावजींकडून अर्ध्या पिकावर कसायला घेतलेली त्याची अर्धेलीची जमीन गेली. यंदाही सातांतले तिघे रावजींचीच जमीन करत होते; रावजींचा स्वतःचा धरून चार हात त्यांचेच ठरलेले.

त्यांतला चांगू आदल्या दिवशी म्हणाला, “तुला पगार हाय, काशीराम. माजी चूल रावजींच्या शेतावर पेटते. हात कसा वर करू?”

“नको करू. मी चिठ्ठी मागतो,” काशीराम म्हणाला.

सभेत त्याने खरेच गुप्त मतदान मागितले. निवडणूक घ्यायला महाडहून आलेल्या साहेबांनी पेटी आणायला सांगितली. पेटी कुठली असायला? इतक्या वर्षांत कुणी मागितलीच नव्हती. काशीरामला तिथून दुपारपाळीला जायचे होते, म्हणून मी सोबत होतो. त्याने भाकरी रुमालात बांधली, मला पुसले आणि पुढे ठेवले. काहीजण मागे सरकले. आमच्या वाडीतल्या भांड्याला त्यांच्यातल्या कित्येकांनी कधी बोट लावले नव्हते. पण साहेबांनी मला रिकामा दाखवून दाराआडच्या स्टुलावर ठेवले.

एकेक जण आत येऊन चिठ्ठी टाकू लागला. एक हात इतका थरथरत होता की माझी कडी वाजली. रावजींना ऐकू गेले असेल या भीतीने मी गारठलो.

काशीरामला चार, रावजींना तीन.

रावजींनी मला उचलले, आयुष्यात पहिल्यांदा. आत निरखून पाहत हळूच विचारले, “चौथा कोण?” माझ्यात सुकटीच्या वासाशिवाय काहीच उरले नव्हते.

मित्रांनो, हल्ली मी माळ्यावर असतो. मला घासले नाही तरी चालेल, भंगारात घातले तरी चालेल. तेवढे झाकण मात्र लावलेले राहू द्या. तो थरथरणारा हात अजून रावजींच्याच शेतात राबतो आहे.